पोस्टग्रेस: मॅक्स_कनेक्शन्स १००० करू का? आणि 'आउट ऑफ शेअर्ड मेमरी' नक्की कशाने येते?

नवखा_नारायण

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

पोस्टग्रेस १५ (डेटाबेस सर्व्हर), उबुंटूच्या मशीनवर डॉकर कंटेनरमध्ये. ३२ जीबी रॅम, ८ कोअर, एसएसडी. अ‍ॅप स्प्रिंग बूटचं, ते वेगळ्या कुबरनेटिस क्लस्टरवर, १२ पॉड (म्हणजे त्याच्या १२ चालू प्रती), प्रत्येकात हिकारीचा (डेटाबेस कनेक्शन्स उघडून तयार ठेवणारी लायब्ररी) पूल ३०. शिवाय एक रिपोर्टिंग टूल, रात्री बॅकअपला पीजी_डंप, आणि एक स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची, म्हणजे प्रायमरीची, मागोमाग चालणारी प्रत).

सेटिंग्ज: मॅक्स_कनेक्शन्स = ४००, शेअर्ड_बफर्स (डेटाची पानं ठेवायची सामायिक मेमरी) = ८ जीबी, वर्क_मेम (एका सॉर्ट किंवा हॅशला मिळणारी मेमरी) = ६४ एमबी. बाकी सगळं डीफॉल्ट.

तीन एरर येतात:
१. दिवसा अधूनमधून, बहुतेकदा डिप्लॉयच्या सुमारास: 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'
२. रात्रीच्या डंपला: 'आउट ऑफ शेअर्ड मेमरी'
३. मोठ्या रिपोर्टला: 'कुड नॉट रिसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट… नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'

वरून आदेश आहे की मॅक्स_कनेक्शन्स १००० करा आणि शेअर्ड_बफर्स १६ जीबी करा, विषय संपवा. करू का?

हापूस

नका करू. पुढचे प्रतिसाद वाचायला चहा घेऊन बसतोय.

पोस्टमास्तर

तीन एरर म्हणजे तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्हींत 'मेमरी' किंवा 'क्लायंट' दिसतं म्हणून एकच गोळी देऊ नका.

आधी पहिली. हिशोब कागदावरच दिसतोय. ४०० पैकी ३ जागा सुपरयूझरसाठी राखीव (सुपरयूझर_रिझर्व्ह्ड_कनेक्शन्सचं डीफॉल्ट ३). उरल्या ३९७. तुमचे १२ पॉड गुणिले ३० = ३६०. हिकारीत मिनिमम_आयडल वेगळं दिलं नसेल तर ते कमाल पूलइतकंच धरलं जातं, म्हणजे ही ३६० कनेक्शन्स काम असो-नसो उघडीच राहतात. आता डिप्लॉय. कुबरनेटिसचं रोलिंग अपडेट डीफॉल्टने २५ टक्के जास्तीचे पॉड आधी उभे करतं. १२ चे २५ टक्के ३, त्यांची ९० कनेक्शन्स. ३६० + ९० = ४५०. जागा ३९७.

तेव्हा 'बहुतेकदा डिप्लॉयच्या सुमारास' यात गूढ काही नाही. भर दिवसा, शांत असताना हे चालवून इथे टाका:

सिलेक्ट स्टेट, काउंट(*) फ्रॉम पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी व्हेअर बॅकएंड_टाइप = 'क्लायंट बॅकएंड' ग्रुप बाय स्टेट;

(देवनागरीत लिहिलंय, तसंच कॉपी-पेस्ट करून 'सिंटॅक्स एरर आली' म्हणू नका.)

अर्धवट

मायएसक्यूएल घ्या, सुखी व्हा. तिथे कनेक्शनला थ्रेड लागतो, अख्खी प्रोसेस नाही. 😛

मृगजळ

@अर्धवट, तिथेही मॅक्स_कनेक्शन्सचं डीफॉल्ट १५१ आहे आणि भरलं की 'टू मेनी कनेक्शन्स', एरर १०४०. थ्रेड स्वस्त असला तरी सॉर्ट बफर, जॉइन बफर प्रत्येक कनेक्शनला वेगळे लागतातच. वर वेट_टाइमआउट २८,८०० सेकंद, म्हणजे विसरलेलं कनेक्शन आठ तास जागा अडवून बसतं. सुख कुठेच नाही.

एक फरक मात्र खरा, आणि तोच धागाकर्त्याच्या वरिष्ठांच्या डोक्यात असावा. इनोडीबीचा (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) बफर पूल रॅमच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत नेतात, कारण ओ_डायरेक्ट लावल्यावर तो ऑपरेटिंग सिस्टिमचा कॅश टाळतो. पोस्टग्रेस नेहमीच्या वाचन-लेखनात ओएसच्या कॅशमधूनच जातं. तेच पान दोन्हीकडे राहू शकतं. म्हणून इथे २५ टक्क्यांनी सुरुवात करतात, आणि ४० टक्क्यांच्या वर फारसा फायदा होत नाही असं मॅन्युअलही सांगतं. ३२ जीबीला ८ जीबी ठीक आहे. १६ करून काहीही सुटणार नाही. तुमच्या तीनपैकी एकाही एररचा शेअर्ड_बफर्सशी संबंध नाही.

सोनकी

दुसऱ्या एररबद्दल लिहिते.

'आउट ऑफ शेअर्ड मेमरी' वाचून सगळे शेअर्ड_बफर्सकडे धावतात. लॉगमध्ये त्याच्याच खालची 'हिंट'ची ओळ वाचा: 'यू माइट नीड टू इन्क्रीज मॅक्स_लॉक्स_पर_ट्रॅन्झॅक्शन'. भरलंय ते लॉक टेबल, म्हणजे कोणी कशावर लॉक धरलाय त्याची नोंदवही.

पोस्टग्रेस सुरू होतानाच शेअर्ड मेमरीत लॉक टेबलाची जागा ठरवतं. साधारण आकार: मॅक्स_लॉक्स_पर_ट्रॅन्झॅक्शन × (मॅक्स_कनेक्शन्स + मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रॅन्झॅक्शन्स). तुमच्याकडे ६४ × ४०० = २५,६०० नोंदी. 'पर ट्रॅन्झॅक्शन' हे नाव फसवं आहे. ही सरासरी आहे, एका ट्रॅन्झॅक्शनवरची मर्यादा नाही. एकच ट्रॅन्झॅक्शन हजारो लॉक घेऊ शकतं, टेबलात जागा असेपर्यंत.

आणि पीजी_डंप नेमकं तेच करतं. सुरुवातीलाच एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये डंप करायच्या प्रत्येक टेबलावर अ‍ॅक्सेस शेअर लॉक घेतं. पार्टिशन (मोठ्या टेबलाचा तुकडा) हेही त्याच्या लेखी टेबलच. तेव्हा प्रश्न असा: पार्टिशन किती आहेत? रोजचं एक पार्टिशन पाडत असाल, वर दर ग्राहकाला वेगळी स्कीमा असेल, तर २५,००० हा आकडा लांब नाही. शिवाय पार्टिशन कीवर अट नसलेली क्वेरी सगळ्या पार्टिशनांना आणि त्यांच्या इंडेक्सांना लॉक करते. हजार पार्टिशन, प्रत्येकी चार इंडेक्स, म्हणजे एका क्वेरीला पाच हजार. अशा पाच-सहा क्वेऱ्या एकदम आल्या की झालं.

गंमत म्हणजे मॅक्स_कनेक्शन्स १००० केलं तर लॉक टेबल आपोआप ६४,००० होईल आणि एरर कदाचित जाईलही. मग साहेब म्हणणार, बघा, मी सांगितलं होतं ना!

सरळ उपाय: मॅक्स_लॉक्स_पर_ट्रॅन्झॅक्शन = २५६. रीस्टार्ट लागेल. एका नोंदीला काही शे बाइट, म्हणजे ४०० कनेक्शन्सना एक लाखभर नोंदींसाठी तीसेक एमबीच्या आसपास. ८ जीबीपुढे काहीच नाही.

बोरीबंदर

सोनकीताईंशी सहमत, पण मला वाटतं मूळ डॉकरच आहे. कंटेनरला /डेव्ह/एसएचएम (मेमरीतली फाइल-जागा) डीफॉल्टने ६४ एमबीच मिळतं. शेअर्ड मेमरी संपणारच. ते वाढवा, दुसरी आणि तिसरी दोन्ही जातील.

सोनकी

@बोरीबंदर, तिसरी जाईल, दुसरी जाणार नाही. पोस्टग्रेसची शेअर्ड मेमरी दोन प्रकारची आहे.

मुख्य तुकडा (शेअर्ड_बफर्स, लॉक टेबल, वॉलचे (डेटातल्या बदलांचा लॉग) बफर्स, प्रोसेसांची यादी) ९.३ आवृत्तीपासून निनावी एममॅपने घेतला जातो. तो /डेव्ह/एसएचएममध्ये दिसतच नाही. नाहीतर ६४ एमबीच्या कंटेनरमध्ये ८ जीबी शेअर्ड_बफर्स घेऊन सर्व्हर सुरूच झाला नसता. ९.३ च्या आधी हा तुकडा सिस्टिम व्ही पद्धतीने घ्यायचे, म्हणून जुन्या ट्युटोरियलांत कर्नल.शमॅक्स वाढवा असं असतं. आता सिस्टिम व्हीचा एक चिमुकला तुकडा तेवढा उरलाय, एकाच डेटा डिरेक्टरीवर दोन सर्व्हर सुरू होऊ नयेत म्हणून. ती ट्युटोरियलं मिटवून टाका.

दुसरा प्रकार म्हणजे चालू असताना लागेल तशी घेतलेली 'डायनॅमिक' शेअर्ड मेमरी. ही मुख्यतः पॅरलल क्वेरीला (एकच क्वेरी अनेक प्रोसेसांनी मिळून चालवणं) लागते, आणि लिनक्सवर ती पॉझिक्स पद्धतीने /डेव्ह/एसएचएममध्येच बनते. तिसरी एरर तिथली. हिशोब बघा: पॅरलल हॅश जॉइनला सगळ्या सहभागी प्रोसेसांचा मिळून एक सामायिक हॅश टेबल असतो. वर्क_मेम ६४ एमबी, १५ मध्ये हॅश_मेम_मल्टिप्लायरचं डीफॉल्ट २, म्हणजे १२८. दोन वर्कर आणि एक लीडर, तीन गुणिले १२८ = ३८४ एमबीपर्यंत जाण्याची मुभा. जागा ६४ एमबी.

पोस्टमास्तर

वरच्याला जोडून. 'डीएफ -एच /डेव्ह/एसएचएम' कंटेनरच्या आत चालवून खात्री करा. बदलायचं असेल तर डॉकर रनला --एसएचएम-साइझ=२जी, कंपोझ फाइलमध्ये एसएचएम_साइझ. नुसतं 'डॉकर रीस्टार्ट' करून उपयोग नाही, कंटेनर नव्याने बनवावा लागतो. डेटा व्हॉल्यूम बाहेर आहे ना, ते आधी बघा! उद्या डेटाबेसही कुबरनेटिसवर नेलात तर एम्प्टीडिर, मीडियम मेमरी, आणि तो /डेव्ह/एसएचएमवर माउंट. ती जागा पॉडच्या मेमरी मर्यादेतच मोजली जाते हे लक्षात ठेवा.

तोवर तात्पुरतं चालवायचं असेल तर रिपोर्टच्या रोलला मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर = ० द्या. रिपोर्ट रखडेल, पण पडणार नाही.

ओरॅकलवाला

हे /डेव्ह/एसएचएमचं दुखणं आमच्याकडेही होतं. मेमरी_टार्गेट लावून ऑटोमॅटिक मेमरी मॅनेजमेंट वापरलं आणि /डेव्ह/एसएचएम लहान असलं की ओरा-००८४५ घेऊन इन्स्टन्स उठतच नाही. शिवाय त्या पद्धतीत ह्यूज पेजेस वापरता येत नाहीत, म्हणून मोठ्या मशीनवर एसजीए_टार्गेट आणि पीजीए_अ‍ॅग्रिगेट_टार्गेट वेगळे देतात.

पोस्टग्रेसवाल्यांना एक विचारतो. पीजीएसारखी एकूण खासगी मेमरीवर मर्यादा तुमच्याकडे नाही का?

मृगजळ

नाही. हीच तर खरी गोम आहे. वर्क_मेम हे प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशला, प्रत्येक प्रोसेसमध्ये स्वतंत्र मिळतं. एका क्वेरीत चार असे टप्पे असतील तर चार वेळा. सर्व्हरभराची बेरीज कोणीही धरत नाही. ६४ एमबी सगळ्यांना आणि १००० कनेक्शन्स, हा आकडा गुणून साहेबांना दाखवा: प्रत्येकाने एकच सॉर्ट केला तरी ६४ जीबी, मशीन ३२ चं.

ग्लोबल वर्क_मेम ८ किंवा १६ एमबीवर आणा. रिपोर्टिंगच्या रोलला वेगळं: अल्टर रोल रिपोर्ट सेट वर्क_मेम = '१२८एमबी'; आणि त्याच रोलला कनेक्शन लिमिट ५. ही कनेक्शन लिमिट फार कमी लोक वापरतात. एक रोल सगळ्या जागा खाऊन बसू नये यासाठी तीच आहे. सुपरयूझरला लागू होत नाही, तेव्हा अ‍ॅप सुपरयूझरने जोडलेलं नाही ना तेही बघा. असेल तर त्या राखीव ३ जागाही अ‍ॅपच खाईल आणि ऐन वेळी तुम्हालाच आत शिरता येणार नाही.

खडूस_डीबीए

सगळे वर्क_मेमवर बोलताहेत, पेज टेबलवर (मेमरीचं कोणतं पान कुठे आहे याची यादी) कोणीच नाही. ८ जीबी शेअर्ड_बफर्स ४ केबीच्या पानांत म्हणजे २०,९७,१५२ पानं. प्रत्येक पानाला पेज टेबलमध्ये ८ बाइटची नोंद. म्हणजे सगळे बफर हाताळलेल्या एका बॅकएंडला (एका कनेक्शनमागच्या प्रोसेसला) १६ एमबी नुसतं पेज टेबल. मेमरी सामायिक असली तरी हे टेबल प्रत्येक प्रोसेसचं स्वतंत्र. ४०० बॅकएंड: ६.२५ जीबी. १००० बॅकएंड आणि १६ जीबी शेअर्ड_बफर्स: ३१ जीबीच्या वर. मशीन ३२ चं. काही साठवलं नाही, काही सॉर्ट केलं नाही, नुसती अनुक्रमणिका!

ही कमाल आहे, बॅकएंड जसजशी पानं हाताळतो तसतसं टेबल भरतं. पण पूलमधली कनेक्शन्स दीर्घायुषी असतात, हळूहळू तिकडेच सरकतात. /प्रॉक/मेमइन्फोमध्ये 'पेजटेबल्स' ही ओळ बघा. टॉपमधल्या 'रेस'च्या आकड्यांची बेरीज करू नका, त्यात शेअर्ड मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजलेली असते. एका प्रोसेसचा खरा वाटा /प्रॉक/पीआयडी/स्मॅप्स_रोलअपमध्ये 'पीएसएस'च्या ओळीत मिळतो.

उपाय ह्यूज पेजेस. २ एमबीचं पान, ८ जीबीला ४०९६ नोंदी, बॅकएंडमागे ३२ केबी. १५ मध्ये नेमका आकडा सर्व्हरच सांगतो: सर्व्हर बंद करून 'पोस्टग्रेस -सी शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस', सोबत डेटा डिरेक्टरी. आकडा ४०९६ च्या थोडा वर येईल, कारण लॉक टेबल वगैरे धरून. तो व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेसमध्ये घाला, कंटेनरमध्ये नव्हे, होस्टवर. ह्यूज_पेजेसचं डीफॉल्ट 'ट्राय' आहे, म्हणजे मिळाली नाहीत तर गुपचूप साधी पानं घेतं. 'ऑन' करा, मग मिळाली नाहीत तर सर्व्हर उठणारच नाही आणि तुम्हाला कळेल.

हापूस

'नुसती अनुक्रमणिका' वर जाम हसलो. वाचनखूण साठवली आहे.

नवखा_नारायण

सगळ्यांचे आभार. पोस्टमास्तर, तुम्ही मागितलेला निकाल:

अ‍ॅक्टिव्ह: ७
आयडल: ३३१
आयडल इन ट्रॅन्झॅक्शन: ३८

पार्टिशन मोजली. पार्टिशन आणि साधी टेबलं मिळून ३१ हजारांच्या घरात.

सोनकी

३१ हजार टेबलं आणि २५,६०० नोंदी. दुसऱ्या एररची फाइल बंद. २५६ करा.

पोस्टमास्तर

३७६ पैकी ७ जण काम करताहेत. हजार पाहुण्यांसाठी हजार पाटांची पंगत मांडायची नसते, जेवणारे सात आहेत.

पण मला काळजी त्या ३८ ची. 'आयडल' कनेक्शन जागा अडवतं, बाकी निरुपद्रवी. १४ मध्ये स्नॅपशॉट घेण्याचं काम सुधारल्यापासून तर त्याचा बाकीच्यांना होणारा त्रासही बराच कमी झालाय. 'आयडल इन ट्रॅन्झॅक्शन' (ट्रॅन्झॅक्शन उघडं ठेवून गप्प बसलेलं) मात्र लॉक धरून बसलेलं असू शकतं, आणि त्याच्यामुळे व्हॅक्यूमला (साफसफाईची प्रक्रिया) मेलेल्या रो काढता येत नाहीत. टेबलं फुगत जातात. बघा कोण आहेत ते: पीआयडी, अ‍ॅप्लिकेशन_नेम, नाऊ() वजा एक्सअ‍ॅक्ट_स्टार्ट, आणि क्वेरी. क्वेरीच्या रकान्यात त्या कनेक्शनची शेवटची क्वेरी दिसते, तीच सुगावा. जेडीबीसीच्या यूआरएलमध्ये अ‍ॅप्लिकेशननेम द्या, नाहीतर सगळ्या पॉडांचे चेहरे सारखेच दिसतील.

नवखा_नारायण

बघितलं. बहुतेकांची शेवटची क्वेरी ऑर्डर टेबलावरचं 'सिलेक्ट… फॉर अपडेट', वय काही सेकंदांपासून ४ मिनिटांपर्यंत.

मृगजळ

मग त्या सिलेक्टनंतर कोडमध्ये काय आहे ते वाचा. पैज लावतो, @ट्रॅन्झॅक्शनल लावलेल्या मेथडच्या आत पेमेंट गेटवेला किंवा एसएमएसला एचटीटीपी कॉल आहे आणि त्याला टाइमआउट दिलेला नाही. समोरचा सर्व्हर रेंगाळला की तुमचं ट्रॅन्झॅक्शन रो लॉक करून वाट बघत बसतं. कॉल ट्रॅन्झॅक्शनच्या बाहेर काढा: आधी 'प्रलंबित' अशी नोंद करून कमिट, मग कॉल, मग दुसऱ्या छोट्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये निकाल.

सर्व्हरच्या बाजूने अ‍ॅपच्या रोलला आयडल_इन_ट्रॅन्झॅक्शन_सेशन_टाइमआउट = '६०से' लावा (खऱ्या फाइलीत सेकंदाचं एकक इंग्रजीत!). पण हे कनेक्शनच तोडतं, तेव्हा कोड दुरुस्त करायच्या आधी लावलंत तर पेमेंट झालं आणि ऑर्डर रोलबॅक, असा घोळ होईल. क्रम सांभाळा.

आणि स्प्रिंगचं ओपन-इन-व्ह्यू बंद करा. डीफॉल्टने चालू असतं आणि एकदा घेतलेलं कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत सोडत नाही.

अर्धवट

आता हिकारी ३० चा ३ करून टाका की. कोअर गुणिले २ अधिक डिस्क, ८ कोअरला १७. १२ पॉडांत वाटून दीड येतो, ३ म्हणजे चैनच. धागा संपला.

खडूस_डीबीए

@अर्धवट, नावाला जागलात. ते सूत्र सुरुवातीचा अंदाज आहे, आणि त्यातली 'डिस्क' म्हणजे फिरती तबकडी. एसएसडीला तो भाग निरर्थक आहे. त्याहून मोठा धोका: कोडमध्ये कुठे 'रिक्वायर्स_न्यू' आहे का? ऑडिट लॉग लिहायला लोक हमखास वापरतात. बाहेरचं ट्रॅन्झॅक्शन एक कनेक्शन धरून ठेवतं आणि आतल्यासाठी त्याच पूलमधून दुसरं मागतं. पूल ३, तीन थ्रेडांनी एकेक घेतलं, तिघंही दुसऱ्याची वाट बघताहेत. कोणीच सोडत नाही. डेटाबेस निवांत, सीपीयू निवांत, आणि ३० सेकंदांनी 'कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल'. हा डेडलॉक पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये कधीच दिसणार नाही.

न अडकण्यासाठी किमान पूल = थ्रेड × (एका थ्रेडला एकावेळी लागणारी कनेक्शन्स − १) + १. टॉमकॅटचे डीफॉल्ट २०० थ्रेड आणि दोन कनेक्शन्स, म्हणजे २०१! एवढा पूल कोणी देत नाही. तेव्हा रिक्वायर्स_न्यू काढा, नाहीतर त्याला स्वतंत्र छोटा पूल द्या.

नवखा_नारायण

रिक्वायर्स_न्यू आहे. ऑडिटलाच. 😐 मग पीजीबाउन्सर (सामायिक कनेक्शन पूल सांभाळणारा प्रोग्राम) अ‍ॅप आणि डेटाबेसच्या मध्ये घातला तर हे सुटेल ना?

पोस्टमास्तर

उलट. ट्रॅन्झॅक्शन मोडमध्ये तोच पेच बाउन्सरच्या पूलमध्ये पडेल, आणि तिथे क्वेरी_वेट_टाइमआउट १२० सेकंद आहे. आधी कोड.

बाउन्सर घालायला हरकत नाही, डिप्लॉयची लाट तो छान झेलतो. घालताना काय काय बिघडतं ते सांगतो:

पूल प्रत्येक 'यूझर आणि डेटाबेस' या जोडीला वेगळा. डीफॉल्ट_पूल_साइझ २०. पाच यूझर आणि चार डेटाबेस असतील तर चारशे. 'बाउन्सर लावूनही कनेक्शन्स भरली' ही तक्रार बहुधा इथली. मॅक्स_डीबी_कनेक्शन्स लावून झाकण ठेवा.

पूल_मोड डीफॉल्टने सेशन असतो. त्यात फायदा जवळपास शून्य, कारण हिकारी कनेक्शन सोडतच नाही. ट्रॅन्झॅक्शन मोड हवा. पण मग सेशनवर टिकणारं सगळं तुटतं: लिसन, सेशनभराचं सेट (सेट लोकल चालतं), सेशनचे अ‍ॅडव्हायझरी लॉक, ट्रॅन्झॅक्शनबाहेर जगणारी टेम्प टेबलं. फ्लायवेसारखी मायग्रेशनं आणि पीजी_डंप थेट ५४३२ वर न्या, ६४३२ वरून नको.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट: जेडीबीसी ड्रायव्हर पाचव्या वेळेपासून सर्व्हरवर नाव देऊन ठेवतो, आणि पुढच्या ट्रॅन्झॅक्शनला दुसराच बॅकएंड मिळतो. मग 'एस_१ ऑलरेडी एक्झिस्ट्स' किंवा 'डझ नॉट एक्झिस्ट'. बाउन्सर १.२१ पासून हे सांभाळतो, मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स शून्यापेक्षा जास्त हवं. त्याआधीचा बाउन्सर असेल तर यूआरएलमध्ये प्रिपेअरथ्रेशोल्ड=०. आणि जोडतानाच 'अनसपोर्टेड स्टार्टअप पॅरामीटर: एक्स्ट्रा_फ्लोट_डिजिट्स' आलं तर ते नाव इग्नोर_स्टार्टअप_पॅरामीटर्समध्ये टाका.

लक्ष कुठे ठेवायचं: 'शो पूल्स' मध्ये सीएल_वेटिंग आणि मॅक्सवेट. मॅक्सवेट एक-दोन सेकंदांवर रेंगाळू लागला की पूल वाढवायचा, त्याआधी नाही.

बोरीबंदर

थोडं अवांतर. दर ग्राहकामागे किती क्वेऱ्या झाल्या ते मोजणारं सी एक्स्टेन्शन लिहायचं आहे. काउंटर शेअर्ड मेमरीत ठेवावे लागतील. नियम काय?

सोनकी

शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये असलंच पाहिजे, कारण मुख्य तुकड्याचा आकार सुरू होतानाच ठरतो. जागेची मागणी रिक्वेस्टअ‍ॅडइनशमेमस्पेसने. १५ पासून ती शमेम_रिक्वेस्ट_हुकमध्येच करावी लागते, त्याआधी _पीजी_इनिटमध्ये चालायची. जुनं एक्स्टेन्शन १५ वर पडलं तर पहिल्यांदा इथे बघा. मग शमेमइनिटस्ट्रक्ट, अ‍ॅडइनशमेमइनिटलॉक धरून; 'फाउंड' खोटं आलं तरच शून्य भरा, नाहीतर दुसऱ्याचे आकडे पुसाल.

साध्या काउंटरला लॉकच नको, पीजी_अ‍ॅटॉमिक_फेच_अ‍ॅड_यू६४ पुरे. हॅश टेबल असेल तर एलडब्ल्यूलॉक. एरर आली तर ट्रॅन्झॅक्शन गुंडाळताना तो आपोआप सुटतो. स्पिनलॉक सुटत नाही, तेव्हा तो धरून ईलॉग होऊ शकेल असं काहीही करू नका. मेमरी घेणंसुद्धा नाही.

आकार आधीच बांधून टाका, पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स जसं ५००० क्वेऱ्यांवर थांबतं तसं. वाढती जागाच हवी तर डायनॅमिक तुकडा घ्या, पण त्यात साधे पॉइंटर ठेवू नका: तोच तुकडा प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळ्या पत्त्यावर बसतो. डीएसए_पॉइंटर वापरा. १७ वर असाल तर गेटनेम्डडीएसएमसेगमेंट आहे, त्याला प्रीलोडही लागत नाही.

बोरीबंदर

आणि बॅकएंड 'किल -९' ने मेला, तर माझे काउंटर अर्धवट राहतील?

खडूस_डीबीए

राहणारच नाहीत. कुठलाही बॅकएंड असा मेला की पोस्टमास्टर (आपले इथले नव्हे) असं धरतो की शेअर्ड मेमरी बिघडलेली असू शकते. उरलेली सगळी कनेक्शन्स तोडतो, मेमरी नव्याने मांडतो, वॉलमधून रिकव्हरी करतो. एका क्वेरीसाठी -९ मारलंत की सगळ्यांची जत्रा उठते. पीजी_कॅन्सल_बॅकएंड, नाही ऐकलं तर पीजी_टर्मिनेट_बॅकएंड. ओओएम किलरही (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी लिनक्सची यंत्रणा) -९ च मारतो, म्हणून मेमरीचे हिशोब एवढे ताणून करायचे. डेटाबेसपुरत्या वेगळ्या मशीनवर व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी = २ ठेवतात, म्हणजे मेमरी न मिळालेली एक क्वेरी पडते, सर्व्हर नाही.

नवखा_नारायण

मूळ प्रश्नावर येतो. माझी यादी अशी झाली: गेटवेचा कॉल ट्रॅन्झॅक्शनबाहेर, ऑडिटला वेगळा पूल २, ओपन-इन-व्ह्यू बंद, हिकारी ३० चा ८. मग डिप्लॉयच्या वेळी १५ पॉड × १० = १५०. मॅक्स_कनेक्शन्स ४०० चे २०० करतो. लॉक २५६, वर्क_मेम १६, एसएचएम २ जीबी, ह्यूज पेजेस. बाउन्सर तूर्त नाही. काही राहिलं?

सोनकी

२५६ × २०० = ५१,२००, तुमच्या ३१ हजारांना पुरे. पण दिवसाच्या क्वेऱ्याही त्यातूनच लॉक घेतात, आणि रोजचं एक पार्टिशन वाढतंय. ३८४ ठेवा.

पोस्टमास्तर

स्टँडबाय राहिला. मॅक्स_कनेक्शन्स आणि मॅक्स_लॉक्स_पर_ट्रॅन्झॅक्शन हे स्टँडबायवर प्रायमरीइतके किंवा जास्त असावे लागतात. तुमचं एक वाढतंय आणि एक घटतंय, म्हणून क्रम उलटसुलट आहे. वाढणारं आधी स्टँडबायवर: तिथे लॉक ३८४ करा, कनेक्शन्स ४०० च ठेवा, रीस्टार्ट. मग प्रायमरीवर दोन्ही बदल, रीस्टार्ट. स्टँडबायने ते वॉल वाचून पुढे गेल्यावर मग त्याचं ४०० चं २००. घाईत प्रायमरीवर आधी वाढवलंत तर १४ पासून स्टँडबाय पडत नाही, पण रिकव्हरी थांबवून बसतो आणि लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतो, जी कोणी वाचत नाही.

मृगजळ

आणि फाइल बदलून नुसतं रीलोड करून मोकळे होऊ नका. पीजी_सेटिंग्जमध्ये पेंडिंग_रीस्टार्ट 'ट्रू' असलेल्या ओळी काढा. ज्या दिसतील त्या अजून जुन्याच किमतीवर चालताहेत.